हिरण्यकेशीकाठचा रंजका

कोल्हापूरहून कागल, निपाणी मागे टाकून महामार्गाने दक्षिणेला निघाले की संकेश्वर लागते. गाव कर्नाटकातले, बेळगाव जिल्ह्याच्या हुक्केरी तालुक्यातले. तिथून पश्चिमेला, बांद्याकडे जाणाऱ्या रस्त्याला वळले की थोड्याच वेळात पुन्हा महाराष्ट्र सुरू होतो आणि गडहिंग्लज येते. तोच रस्ता पुढे आजरा, आंबोली करीत घाट उतरून सावंतवाडीकडे जातो. या रस्त्याच्या सोबतीने, पण उलट दिशेने, हिरण्यकेशी वाहते. आंबोलीच्या डोंगरात उगम पावून ती आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असा प्रवास करते आणि पुढे घटप्रभेला मिळते.

हा नकाशा सांगितला तो पावसासाठी. आंबोलीला पाऊस कोसळतो. आजऱ्यालाही तो भरपूर, म्हणून तिथे भात. घनसाळ नावाचा तिथला वासाचा तांदूळ आपण ऐकला असेल, नसल्यास एकदा खाऊन पाहावा. गडहिंग्लजपर्यंत येता येता पावसाचा जोर ओसरतो. लाल माती जाऊन काळी येते, भाताच्या जागी भुईमूग, सोयाबीन, ज्वारी दिसू लागते. आणि मिरची दिसू लागते. मिरचीला पाऊस हवा असतो, पण बुडाशी पाणी साचलेले तिला खपत नाही. आणि फळ पिकू लागले की तिला कोरडी हवा व स्वच्छ ऊन लागते. नदीच्या या मधल्या टप्प्यात हे सारे जुळून येते. जून-जुलैत लागण होते आणि दिवाळीनंतर शिवारात लाल रंग चढतो.

बाजारात या मिरचीला संकेश्वरी म्हणतात. नाव संकेश्वरचे असले तरी पीक दोन्ही बाजूंचे, आणि गडहिंग्लजच्या बाजारातही ती मोठ्या मानाने विकली जाते. शेतकरी मात्र तिला नुसते 'जवारी' म्हणतात. जवारी म्हणजे आपली, गावची. लांब, सडपातळ, वाळल्यावर सुरकुतणारी आणि चांगलीच तिखट. कोल्हापूरकडे वर्षाची चटणी करताना रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी असा हिशेब असतो. एक नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि संकेश्वर एका राज्यात, गडहिंग्लज दुसऱ्या राज्यात राहिले. पण मिरचीच्या पोत्यांनी आणि सोयरिकींनी ती रेषा कधी फारशी मनावर घेतलेली नाही. इथल्या घरात मराठी वाक्यात कानडी शब्द आणि कानडी वाक्यात मराठी शब्द सहज मिसळतो. या लेखाचा विषय असलेला रंजकाही दोन्ही भाषांत रंजकाच.

रंजका म्हणजे झाडावर पूर्ण पिकलेली, पण न वाळवलेली ओली लाल मिरची मिठात मुरवून, लसूण, मेथी व लिंबाचा रस घालून केलेले वाटण. दिसायला ठेच्यासारखे, टिकायला लोणच्यासारखे. ठेचा आज केला, आज-उद्या संपला. रंजका मार्गशीर्षात केला की उन्हाळा ओलांडून पुढच्या पावसाळ्यातही ताटात येतो.

आता मी तिथे का गेलो ते सांगतो. माझी नोकरी कृषी विस्ताराची. दर वर्षी डिसेंबरच्या आसपास दोन-तीन दिवस आभाळ भरून येते, कधी भुरभुर पाऊस पडतो, आणि नेमकी तेव्हाच तोडलेली मिरची खळ्यावर पसरलेली असते. मग गावोगावच्या भगिनी एकच विचारतात, "साहेब, पिकलेली मिरची ढगात सापडली, काय करायचं?" ताडपत्री घाला, थर पातळ करा, रात्री गोळा करा, हे मी सांगतोच, पण ऊनच नसेल तर ताडपत्री तरी काय करणार? हिरण्यकेशीच्या काठी या प्रश्नाला जुने घरगुती उत्तर आहे असे ऐकून होतो. गेल्या डिसेंबरात रजा काढून ते पाहायला गेलो.

गडहिंग्लजच्या पूर्वेला नदीजवळचे एक गाव. घर दोन सोप्यांचे, पुढे शेणाने सारवलेले अंगण. योग असा की तीन दिवस आभाळ दाटलेले होते आणि सोप्यात मिरचीच्या सात पाट्या भरून ठेवलेल्या. घरच्या मावशी सत्तरीच्या. "या सायेब, बसा. च्या टाकतो," म्हणाल्या. (इकडच्या बायका 'येतो, जातो' असेच बोलतात.) मी म्हटले, "मावशी, ऊन नाही, मिरचीचं कसं होणार?" त्या हसल्या. "ऊन न्हाई म्हून रडत बसायचं व्हय? जी वाळंल ती वाळंल, ऱ्हायलेली रंजक्याला."

मी ज्यासाठी गेलो होतो ते पुढच्या तासाभरात पाहायला मिळाले, ते म्हणजे निवड. मावशी आणि त्यांची सून पाट्या ओतून बसल्या आणि मिरचीचे चार ढीग पडू लागले. पहिला ढीग लहान, जेमतेम दोन ओंजळी: सर्वांत लांब, सरळ, एकसारख्या रंगाच्या, या बियाण्याच्या. दुसरा सर्वांत मोठा, बाजारासाठी वाळवायचा. तो घरात जाळीच्या खाटांवर पातळ पसरला गेला. तिसरा रंजक्याचा: देठापर्यंत लाल, गरदार, हाताला टणक, पण थोडी वाकडी किंवा आखूड, म्हणून व्यापारी ज्याचा भाव पाडील अशी. चौथ्या ढिगात डागाळलेली, मऊ पडलेली, देठाशी काळी झालेली आणि आधीच्या तोड्यातील पांढरी पडलेली, म्हणजे फटकी. सून चौथा ढीग सुपात भरू लागली आणि सहज म्हणाली, "आत्याबाई, ही घरच्या चटणीला ठेवू का?" मावशींनी सूप हातातून घेतले. "चांगली इकायची आनी फटकी खायाची, ही कुठली रीत?" आणि सूप उकिरड्याकडे गेले.

भगिनींनो, हे वाक्य मी वहीत लिहून घेतले, कारण आपल्या निम्म्या शेतकरी घरांत रीत नेमकी तीच आहे. दूध विकायचे आणि ताक प्यायचे इथवर ठीक. ताकाने काही बिघडत नाही. मिरचीचे तसे नाही. ओलसर राहिलेल्या, पांढऱ्या-काळ्या पडलेल्या मिरचीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि तिच्यापासून अफलाटॉक्सिन नावाचे विष तयार होऊ शकते. ते यकृताला घातक असते आणि भाजून, तळून, उकळून पुरते जात नाही. परदेशी ग्राहक मिरची घेताना याच विषाची तपासणी करतात, माल परत पाठवतात. परदेशी माणसाच्या ताटासाठी एवढी काळजी, आणि आपण फटकी दळून वर्षभर पोरांच्या कालवणात घालायची? वाळवायची मिरची मुठीत आवळली की कडकड वाजली पाहिजे. ओलावा शेकडा दहा-अकराच्या वर राहता कामा नये. शंभर किलो ओल्या लाल मिरचीची वाळून पंचवीस ते तीस किलो भरते, म्हणजे एवढे पाणी उन्हाने ओढून काढावे लागते. आभाळ भरल्यावर हे काम अडते आणि बुरशीला सवड मिळते. रंजक्यात पाणी काढायचेच नसते. तिथे मीठ आणि आंबटपणा राखणदारी करतात. ढगाळ आठवड्यातला हा मार्ग म्हणूनच मला शास्त्राला धरून वाटला. एक मात्र ध्यानात ठेवावे: बिघडलेली मिरची रंजक्यात घातल्याने चांगली होत नाही. रंजका चांगल्या मिरचीचाच.

आता कृती. मावशींचे माप ओंजळीचे आणि मुठीचे. मी सोबत नेलेल्या काट्यावर तोलून घेतले आणि लिंबू थोडे वाढवून लिहितो आहे, कारण पुढे सांगेन.

देठ काढलेली ओली लाल मिरची एक किलो, सोललेला लसूण पाव किलो, खडेमीठ दोनशे ग्रॅम, लिंबाचा गाळलेला रस पाव लिटर (बारा-पंधरा रसदार लिंबे लागतात), जिरे चार चहाचे चमचे, मेथी दोन चमचे, हिंग अर्धा चमचा. मिरची देठासकट धुवावी, देठ नंतर काढावे. आधी देठ काढून धुतल्यास पाणी आत शिरते आणि तिथूनच नासाडी सुरू होते. धुतलेली मिरची धडप्यावर पसरून पुसावी आणि पंख्याखाली किंवा सोप्यात रात्रभर ठेवावी. अंगावर पाण्याचा थेंब राहू नये. मावशींच्या घरी या दिवशी ओल्या हाताने कोणी सोप्यात यायचे नाही असा दंडकच आहे.

दुसऱ्या दिवशी मिरची मीठ घालून जाडसर कांडावी. उखळ असेल तर उत्तम, नसेल तर मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावी. सलग फिरवल्यास वाटण तापते आणि पार पीठ होते. हे वाटण काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत भरावे. तांब्या-पितळेची वा अ‍ॅल्युमिनियमची भांडी नकोत, मीठ व आंबट त्यांना खाते. बरणी पाऊणच भरावी, कारण दुसऱ्या दिवसापासून वाटण फुगून वर येते. तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधून तीन दिवस सावलीत ठेवावी आणि सकाळ-संध्याकाळ कोरड्या लाकडी कलथ्याने तळापासून हलवावी. बारीक बुडबुडे येतात, वास कच्चा तिखट होता तो आंबूस होतो. घाबरू नये. दही लावणारे जीवाणू ज्या कुळातले, त्याच कुळातले जीवाणू हे काम करीत असतात. मिठाला ते टिकतात आणि नासवणारे बरेच मागे हटतात.

चौथ्या दिवशी जिरे व मेथी वेगवेगळी कोरडी भाजून पूड करावी. मेथी लालसर झाली की उतरवावी, काळी झाली तर सगळा रंजका कडू. लसूण वाटून घ्यावा. मग मिरचीचे वाटण, लसूण, पूड, हिंग आणि लिंबाचा रस एकत्र करून पुन्हा एकदा फिरवावे आणि लहान लहान बरण्यांत भरावे. बरण्या उकळत्या पाण्यातून काढून उन्हात किंवा चुलीच्या उबेला पूर्ण वाळवलेल्या असाव्यात. वर लिंबाच्या रसाचा एक चमचा आणि चिमूटभर मीठ. आठ दिवसांनी चव बसते. काही घरांत लिंबाऐवजी चिंचेचा दाट कोळ घालतात. चव सुरेख येते, पण साठवणीसाठी मला लिंबाचा भरवसा अधिक वाटतो.

आणि लिंबू का वाढवले? लसूण जमिनीत वाढतो आणि मातीतल्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूची बीजे त्याच्यासोबत येऊ शकतात. हवा बंद आणि आंबटपणा कमी, अशी जागा मिळाली की हा जीवाणू अत्यंत जहाल विष तयार करतो. वासाला, चवीला पुष्कळदा काही कळत नाही. आपल्याकडे समज असा की वर तेलाचा थर दिला की झाले. तेलाने वरची बुरशी रोखली जाते हे खरे. पण तेल हवा बंद करते आणि आंबटपणा वाढवत नाही. मीठही कमी, आंबटही कमी आणि वर तेल, असे लसणाचे वाटण बाहेर महिनोन् महिने ठेवणे धोक्याचे. आपल्या मातीपरीक्षणाच्या कार्डावर 'सामू' असतो ना, तोच इथेही मोजतात. पदार्थाचा सामू ४.६ च्या खाली राहिला तर हा जीवाणू वाढू शकत नाही. लिंबाचा रस आणि तीन दिवसांचे मुरणे मिळून सामू त्याच्या बराच खाली नेतात. म्हणून माझे सांगणे: मीठ आणि लिंबू चवीपुरते करू नये, तोलून घालावे. रक्तदाबामुळे कमी मिठाचा हवा असेल तर थोडाच करावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवावा. तेलाची फोडणी ज्याला हवी त्याने ताटात घ्यायच्या वेळी, लागेल तेवढ्यावर द्यावी. मावशीही तसेच करतात: शेंगतेल कडकडीत तापवून मोहरी तडतडवायची, वाटीभर रंजक्यावर ओतायची.

एका वेळी एकच लहान बरणी वापरात असावी, बाकीच्या अंधाऱ्या थंड कोपऱ्यात. वर हिरवी, काळी, केसाळ बुरशी आली, झाकण फुगले किंवा उघडताच घाण वास आला तर ती बरणी सगळीच्या सगळी फेकावी; वरचे काढून खालचे खाऊ नये आणि 'जरा चाखून बघू' तर मुळीच नको. नुसता पातळ पांढरा पापुद्रा आला तर कित्येक घरांत तो काढून वरून मीठ-लिंबू घालतात. माझ्या घरी मी तशी बरणी ठेवणार नाही. बचत गटाला विकायचा असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली आधी नोंदणी करावी लागते आणि एका घाण्याचा सामू प्रयोगशाळेतून तपासून घेतलेला बरा.

दोन गोष्टी हाताच्या. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून हात भगभगले की पाण्याखाली धरण्याआधी तेल चोळून मग साबण लावावा, जिभेला दही. आणि तिखटाचे खरे घर बियांत नसते, बिया ज्या पांढऱ्या शिरेला लागलेल्या असतात तिच्यात असते. रंजका सौम्य हवा असेल तर मिरची उभी चिरून ती शीर काढावी, बियांशी झगडू नये.

शेतातली गोष्टही सांगितली पाहिजे. रंजक्यात मिरची सालीसकट, कच्ची पोटात जाते. फवारणी केल्यावर औषधाच्या लेबलावर काढणीपूर्वी जितके दिवस थांबायला सांगितले असेल तितके दिवस थांबूनच तोडा करावा. फुलकिड्यांच्या धास्तीने आठवड्याला फवारा घेणाऱ्यांनी हे विशेष ऐकावे. २०२१ च्या हंगामात नव्या जातीच्या फुलकिड्यांनी तेलंगण, आंध्र आणि कर्नाटकात मिरचीचा फार मोठा नाश केला. तेव्हापासून फवारणीचा हात अधिकच सैल झालेला दिसतो.

दुपारी मावशींनी वाढले: ज्वारीची भाकरी, पातीचा कांदा, दह्याची वाटी आणि मधोमध रंजका. मिरचीचे ताजेपण त्यात टिकून असते, वाळल्या मिरचीच्या चटणीत ते नाही. ओल्या लाल मिरचीत 'क' जीवनसत्त्व भरपूर असते, इतके की हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९३० च्या दशकात सेगेदच्या लाल मिरचीतूनच ते मोठ्या प्रमाणात मिळवले. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. उन्हात वाळवताना त्यातले पुष्कळ जाते. रंजका भाजीला पर्याय नव्हे हे खरे, मीठ फार असते. ताटात चमचाभर पुरे.

जेवताना त्यांच्या मुलाशी बोलणे झाले. त्याचा कल उसाकडे. चित्री प्रकल्पाचे पाणी नदीला आल्यापासून काठच्या शिवारात ऊस पसरला, आणि उसाला तोडायला रोज बायका लावाव्या लागत नाहीत, बोकड्याही पडत नाही. त्याचा हिशेब चुकीचा आहे असे मी म्हणू शकलो नाही. तोडणीची मजुरी, पानांचा चुरडा-मुरडा आणि ढगाळ हवा, तिन्ही एकदम आले की जवारी मिरची तोट्यात जाते. संकरित वाण उत्पन्न जास्त देतात, लोक तिकडेही वळले आहेत. मावशी मध्येच म्हणाल्या, "उसाच्या रानात बांधाला दोन सऱ्या माझ्या सोड. इकायला नगं, घरापुरती." मुलाने मान हलवली. दोन सऱ्या ठरल्या.

घरापुरत्या दोन सऱ्या कोणालाही जमण्यासारख्या आहेत. तुमच्याकडे संकेश्वरी नसेल, तर तुमच्या भागाची जी जुनी मिरची असेल ती चालेल. पूर्ण पिकलेली आणि गरदार असली म्हणजे झाले. मात्र बी घरचे धरायचे तर एक पाहावे. मिरचीत परपरागीकरण होते, मधमाशा शेजारच्या वाणाचे पराग आणतात. बियाण्यासाठी दुसऱ्या वाणापासून दोनशे मीटर अंतर ठेवावे असा प्रमाणित बियाण्याचा नियम आहे. तेवढे अंतर मिळत नसेल तर पाच-सहा निरोगी झाडे निवडून, फुले उमलण्याआधी त्यांवर मच्छरदाणीच्या कापडाची टोपी चढवावी. मिरची स्वतःच्या परागावरही धरते. फांद्या अधूनमधून हलवाव्यात. बोकड्या आलेल्या झाडाचे बी धरू नये. दुसऱ्या-तिसऱ्या तोड्यातील पूर्ण लाल फळे घेऊन सावलीत वाळवावीत. मावशी ती फळे फोडत नाहीत. सुतळीत ओवून चुलीच्या वरच्या आढ्याला टांगतात आणि रोहिणी निघाल्यावरच बी काढतात.